आईहून थोरला लेक

*हे जगत्तारका, करुणासागरा,*
*पतितपावना, भवभयहरा,*
*— — — — — — — —*
*— — — — — — — —*

(खर्डा पहिला. चाल पाद्री साहेबांच्या पेटीची. पुढच्या दोन ओळी सुचलेल्या नाहीत.)

"ह्यात पाय कुटं टाकायचा?" शकूनं विचारलं.

ती चुलीपुढं बसून बांगडे भाजत होती. धाकू उंबऱ्यात बसून आपलं नवं गाणं तिला म्हणून दाखवत होता.

"पाय? अगो, हे भजन हाय. बाकावर बसून म्हणायचं. पाय कशाला टाकतेस?"

"मग काल बंदरावर लोकांनी पाठी फिरवल्या, त्या कुटले पाय टाकत फिरवल्या?"

शकूचं बोलणं असं. निखाऱ्यावर बांगडा उलटावा तशी ती नवऱ्याला उलटायची, आणि दोन्ही बाजूंनी खरपूस झाला की मग भाकरी वाढायची.

आता हा धाकू कोण, ते सांगायला हवं. रत्नागिरीत त्याला तीन नावं होती. मिशनच्या आवारात तो उपदेशक धाकूराव. बाजारात तो धाकू पलटण, कारण जर्मनच्या लढाईत तो मराठा पलटणीत बिगूल वाजवायला होता आणि बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. तिसरं नाव तुरेवाला धाकू. ते नाव आता कुणी घेत नसे. एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे महिपत गाडीवान, आणि काल बंदरावर लोकांना पाठ फिरवायला लावलं ते त्यानंच.

*

*हे जगत्तारका, ये माझ्या दारा,*
*पतितपावना, — — — वारा,*
*— — — — — — — —*

(खर्डा दुसरा. 'वारा' कशाला आला, ते धाकूलाही ठाऊक नाही.)

मांडवीच्या बंदरावर आगबोटीच्या दिवशी सगळं रत्नागिरी येऊन बसे. बोट वेळेवर येत नसे आणि ती वेळेवर यावी अशी कुणाची घाईही नसे. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला उतरणार, त्याला न्यायला आलेले म्हातारे, गाडीवान, पोरींना मिरवायला घेऊन आलेल्या आया. सगळे वाळूत फतकल मारून दर्याकडं बघत बसायचे. बसलेली माणसं, रिकामे कान! उपदेशकाला आणखी काय हवं? धाकू एका पालथ्या होडीवर चढायचा, गळा साफ करायचा आणि सुरू करायचा.

काल त्यानं पहिल्यांदाच बोलणं सोडून गाणं धरलं; 'हे जगत्तारका' एवढंच म्हटलं असेल-नसेल, तोच गाड्यांच्या रांगेतून आवाज आला:

"ओ तुरेवाले! आधी माज्या सवालाचा जबाब दे, मग देवाचा निरोप सांग!"

महिपत गाडीच्या जुवावर बसला होता. मिशी पांढरी, छाती बैलासारखी, आवाज त्याहून मोठा. शक्तीवाल्यांचा शाहीर. धाकू पलटणीत जायच्या आधी तुरेवाल्यांचा शाहीर होता. जाखडीच्या नाचात हे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. शक्तीवाले म्हणतात आदिमाया मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा, आणि गाण्यातून एकमेकांना कोडी घालतात. ज्या चालीत सवाल, त्याच चालीत जबाब. जबाब आला नाही तर हरणाऱ्यानं आपली ढोलकी समोरच्याच्या हवाली करायची. आणि जबाब मिळेपर्यंत त्यानं चारचौघांत गळा उघडायचा नाही.

हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. म्हणून तर तो कुणी मोडत नसे.

होडीशेजारी बसलेले एक आजोबा काठी टेकत उठले. "धाकू, तू ख्रिस्ती हो, नायतर आनि कोन हो, आमचं काय जातं? पन बाबा, सवाल हाय तुज्या अंगावर. तो फेड आधी."

एवढं बोलून ते पाठ फिरवून बसले. त्यांच्या मागोमाग सगळं बंदर. दगड नाहीत, शिव्या नाहीत, नुसत्या पाठी. पलटणीत धाकूनं तोफा ऐकल्या होत्या. पण एवढ्या पाठी त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या.

*

(इथं खर्डा नाही. इथं सवालच आहे.)

*तुऱ्याच्या शाहिरा रे, ऐक माझी बात,*
*आईहून थोरला लेक सांग कुण्या घरात?*
*लेक उभा उंबऱ्याशी, आई आली मागून,*
*नाव सांग, गाव सांग, नाहीतर जा ढोलकी टाकून!*

महिपतनं हा सवाल घातला तेव्हा धाकूला नुकती मिशी फुटली होती. सगळं पुराण उलटं टांगून झाडलं तरी जबाब पडेना. बापानं फणसाच्या लाकडाची कोरलेली ढोलकी त्यानं महिपतच्या हातात दिली आणि तोंड दाखवायला नको म्हणून तो थेट पलटणीत भरती झाला. लोक देशासाठी जातात, पोटासाठी जातात. धाकू एका कोड्यापायी लढाईवर गेला.

बसऱ्याला तापानं लोळत पडला असताना त्याच्या शेजारी सॉलोमन नावाचा नगरचा, जखमी वाहणारा एक डोलीवाला यायचा. स्वतःच्या वाट्याचं पाणी धाकूला पाजायचा आणि पुस्तकातलं काहीबाही वाचून दाखवायचा. धाकू ऐकल्यासारखं करायचा. पाणी मिळत होतं, तर ऐकायला काय जातंय? एके दिवशी सॉलोमननं वाचलं, की हा येशू म्हणे आपल्या वाडवडिलांच्याही आधीपासून होता.

धाकू ताडकन उठून बसला.

"कोनाच्या आधी?"

"सगळ्यांच्या."

"आयशीच्यापन?"

सॉलोमननं विचार केला. "हो. आईच्यापण."

"अरे, मग हा महिपतच्या सवालाचा जबाब हाय!"

सॉलोमनला महिपत कोण ते ठाऊक नव्हतं, पण रोग्याचा ताप उतरला हे त्यानं पाहिलं. त्या दिवसापासून धाकूनं त्याला सोडलं नाही. पुढं काय, मग काय झालं, विचारत सुटला. कोड्याच्या दारानं आत शिरला आणि आतच राहिला. पाणी देणाऱ्या माणसाचा देव पाणी देणाराच असणार, एवढी त्याची खात्री झाली.

लढाई संपल्यावर मिशननं त्याला घाटावर शिकायला ठेवलं, घाटावरच फिरवलं आणि गेल्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीला धाडलं. जबाब इतकी वर्षं खिशात होता. पण जाखडीत गाणं उपदेशकाला शोभणार नाही असं कुणी तरी म्हणालं होतं, आणि शोभण्याच्या नादात धाकू गप्प राहिला होता.

आता पाठी बघितल्यावर तो महिपतला जबाब द्यायची परवानगी मागायला पाद्री साहेबांकडं गेला.

साहेब पेटीच्या भात्याला तेल देत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांचं मराठी इस्त्री केलेलं होतं.

"ढोलकी पणास लावणे, हा जुगार होय, धाकूराव."

"साहेब, ती माजीच हाय. मी पनाला काय लावनार? पनाला ती आधीच गेलीय."

"आणि आपण पुन्हा हरलात तर?"

"तर मग मला घाटावर परत पाठवा. हितं माज्याकडं कोन बघनार नाय."

साहेबांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "देवळापुढे नको. रात्री नको. मद्य नको. कोणाच्याही देवास वाईट बोलणे नको." मग तिचं बूच लावत म्हणाले, "आणि मी तेथे नसेन. परंतु बोटीने माझे एक पार्सल येणार आहे. ते घेण्यास मी बंदरावर असेन."

*

*नव्हती भुई, नव्हता दर्या — — — — —*
*— — — — — — तोच गोठ्यात बाळ*

(खर्डा तिसरा. चाल महिपतची. शकू म्हणाली, "हां. आता पायाला जागा झाली.")

बंदर. दुपार. पुढच्या बोटीचा दिवस, पण आगबोट अजून नाही.

महिपत गाडीतून उतरला. गाडीच्या छपराच्या आड्याला धाकूची ढोलकी टांगलेली. कातड्याची पानं ढिली पडलेली नाहीत. कुणीतरी ती जपली होती. मागून काजूगरांची टोपली घेऊन उतरली गंगुबाई, महिपतची आई. ती बोटीच्या दिवशी महिपतबरोबर यायची आणि काजूगर विकायची. सगळे तिला काकी म्हणत. धाकूही म्हणायचा, "काकी, बरी हायेस मा?"

"मी बरी. तुजा घसा बरा हाय काय?"

लोकांनी वर्तुळ केलं. साहेब पार्सलाची वाट बघत अगदी वर्तुळाच्या कडेला उभे.

महिपत: (आपल्या ढोलकीवर थाप मारून तोच सवाल, तीच चाल. शेवटच्या ओळीला शक्तीवाल्यांचा एकच कल्ला.)

धाकू: (ढोलकी नाही. मांडीवर थाप.)

*नव्हती भुई, नव्हता दर्या, नव्हती सांज-सकाळ,*
*तवा होता जो एकला, तोच गोठ्यात बाळ.*
*ज्यानं घडवली आई, तोच तिच्या मांडीवर,*
*मरियेचा लेक थोरला, बेथलेहेम त्याचं घर!*

लोक: (कुणीतरी 'वाऽऽ' म्हणतो. मग बरेच जण.)

शकू: (मागून) आता कसं!

महिपत: बेथलेहेम कंच्या तालुक्यात?

लोक: (हशा.)

धाकू: तालुक्यात नाय. पार तिकडं, आरबांच्या बाजूला.

महिपत: मग ते आमच्या पोथीत नाय. तुज्या पोथीतला साक्षीदार माज्या कोर्टात चालनार नाय. दोगांना मान्य असंल असा जबाब हवा. नाव सांग, गाव सांग, आमाला ठावं असलेलं!

आजोबा: ह्ये मात्र बरोबर. गाना झ्याक होता, पन ओळखीचं मानूस हवं.

साहेब: (स्वतःशी) अहो, पण प्रश्नात असे कोठे म्हटले आहे?

शेजारचा खलाशी: साहेब, तुमचं पार्सल बगा.

*

इतकी वर्षं जपलेलं नाणं, आणि इथल्या बाजारात ते चालत नाही. घाटावरचा रस्ता त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

महिपतनं ओरडून घसा कोरडा करून घेतला होता. तो मागं वळून म्हणाला, "आये, जरा पानी दे गो."

गंगुबाईनं तांब्या पुढं केला. महिपत पाणी प्यायला. पांढऱ्या मिशीवरून थेंब ओघळले. तांब्या धरलेला हात तरुण होता. पदराखालचे केस काळेभोर होते.

धाकू बघत राहिला.

*लेक उभा उंबऱ्याशी, आई आली मागून.*

महिपतचा बाप बायको वारल्यावर उतारवयात पुन्हा बोहल्यावर चढला, तेव्हा महिपत चांगला बाप्या झाला होता, आणि जी नवरी माप ओलांडून आत आली ती परकर सोडून नुकती लुगड्यात आली होती. ही गोष्ट पंचक्रोशीला ठाऊक होती. म्हातारा दोन-तीन वर्षांत गेला. गंगुबाई पाट लावून जाऊ शकली असती. पण महिपतची बायको बाळंतपणात गेली, तिची तान्ही पोरं हिच्या मांडीवर आली, आणि ही राहिली. सगळं गाव पुराण चाळत होतं, देवांच्या बायका मोजत होतं, आणि जबाब दर बोटीला काजूगर विकत बसत होता.

चाल आपोआप जिभेवर आली. चारही ओळी आल्या. नाव होतं, गाव होतं, ओळखीचं माणूस होतं. महिपतला नाही म्हणायला तोंड उरलं नसतं.

धाकूनं तोंड उघडलं.

आणि मिटलं.

कारण तो इथलाच होता. तरणी विधवा आणि तिच्याहून थोरला सावत्र मुलगा एका छपराखाली राहतात, यावर गावानं काय काय चघळलं होतं ते त्यानं ऐकलं होतं. ते बोलणं मोठ्या कष्टानं विझलं होतं. आता भर बंदरात ढोलकीच्या तालावर त्यावर फुंकर मारायची? मुंबईची बोट येऊ घातली होती. गाणं परळपर्यंत गेलं असतं.

बिगुलावर हल्ला वाजवायला फुफ्फुस लागतं. थांबा वाजवायला त्याहून जास्त लागतं. धाकू दोन्ही वाजवून आला होता.

"हरलो," तो म्हणाला. "दुसरा जबाब नाय माज्याकडं."

आजोबांनी च् च् केलं. शकूनं कपाळाला हात लावला. महिपत जिंकला होता, पण त्याचाही चेहरा उतरला. धाकू नसेल तर भांडायचं कुणाशी?

"खोटा बोलतोस," गंगुबाई म्हणाली.

*

(इथं चाल नाही. इथं गंगुबाई बोलते आहे.)

"खोटा बोलतोस रे धाकू. त्वांडात आलेला गिळलास तू. मी बघितला. माज्याकडं बघितलास आनि गिळलास."

"काकी, र्‍हाऊ दे—"

"काय र्‍हाऊ दे? मी काय चोरी केलीय?" तिनं टोपली खाली ठेवली आणि वर्तुळात आली. "ऐका सगळ्यांनी. आईहून थोरला लेक सांगू? ह्यो!" तिनं महिपतच्या छातीवर बोट ठेवलं. "ह्यो मेला! मी उंबरा ओलांडून आत आले तवा ह्यो दारात उभा होता, ह्याची मिशी बघून मी घाबरले, वाटला ह्योच नवरा! आनि सासूबाय म्हनाल्या, घाबरू नको गो, ह्यो तुजा लेक!"

बंदर असं हसलं की तारेवरचे कावळे उठले. पण हसणं वेगळं होतं. ज्याला लपवायचं नाही त्याला कुणी चघळू शकत नाही, हे त्या दुपारी बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं.

"नाव म्हैपत," गंगुबाई म्हणाली, "गाव तुमाला ठावं हाय. आता हे तरी तुज्या कोर्टात चालतंय काय रे?"

महिपत जुवावर मटकन बसला. "आये... ह्ये माज्या ध्यानातच नाय आलं."

"कसं येनार? रोज समोर वाढते ती भाकरी कोन बघतं?"

तेवढ्यात आजोबांना नियम आठवला. "पन म्हैपत, तुज्या गुरूचा जबाब काय होता? तोच का ह्यो?"

महिपतनं ढोलकीची दोरी ताणली. मग सैल केली. मग पुन्हा ताणली. मग दर्याकडं बघून म्हणाला, "बोट दिसतेय वाटतं."

बोट दिसत नव्हती.

"तो काय सांगनार?" गंगुबाई म्हणाली. "गुरूनं सवाल दिला आनि जबाब द्यायच्या आधी डोळे मिटले. तवापासनं ह्यो येईल त्या जबाबाला नाय-नाय करत बसलाय. ह्याला स्वताला ठावं असंल तर शप्पत!"

धाकूनं महिपतकडं पाहिलं. महिपतनं धाकूकडं. पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. दोघंही जुवावर एकमेकांच्या खांद्यावर पडले होते, आणि बैल मान वळवून बघत होते.

त्या गोंधळात आगबोट आली. भोंगा झाला. कुणी उठलं नाही. चाकरमानी होड्यांतून गुडघाभर पाण्यात उतरले, ट्रंका डोक्यावर घेऊन वाळूत आले, आणि आपल्याला न्यायला आलेली माणसं आपल्याकडं पाठ करून का बसली आहेत म्हणून ताटकळत उभे राहिले.

गंगुबाईनं आड्याची ढोलकी सोडली आणि धाकूपुढं धरली.

"नको काकी. मी हरलो म्हनालोय."

"तू हरलासच. जिंकले मी. ढोलकी माजी झाली. माजी वस्तू मी कोनालाबी देईन." तिनं ती त्याच्या गळ्यात अडकवली. "सवालबी फिटला. आता गा काय ते. पन त्या गान्यात मला घाल. तुमची ती मरिया हाय, तिच्या बाजूला जरा जागा असंल तर."

*

*नव्हती भुई, नव्हता दर्या, नव्हती सांज-सकाळ,*
*तवा होता जो एकला, तोच गोठ्यात बाळ.*
*ज्यानं घडवली आई, तोच तिच्या मांडीवर,*
*मरियेचा लेक थोरला, बेथलेहेम त्याचं घर!*

*आली मागून आई, पण माया घेऊन आली,*
*रक्ताचं नव्हतं नातं, पदराची सावली झाली.*
*तसाच रे तो प्रभू, उंबऱ्याशी येई,*
*परक्याच्या लेकराला आपलं म्हणून घेई!*

(खर्डा नव्हे. हेच ते गाणं.)

रविवारी ते मिशनच्या प्रार्थनेत झालं. साहेबांनी पेटीवर साथ करायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीला पेटी मागं पडली, तिसऱ्या ओळीला साहेबांनी ती मिटली. चौथ्या ओळीला त्यांचा बूट जमिनीवर आपटत होता, आणि तो तालात होता असं शकूनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या बोटीला धाकू पालथ्या होडीवर चढला. ढोलकीवर थाप पडली. पाठी नव्हत्या, तोंडं होती. दुसऱ्या कडव्याला गंगुबाई काजूगर मोजता मोजता शेजारणीला सांगत होती, "ही मी."

"चाल माजी हाय!" महिपत गाडीवरून ओरडला. गाडीत देवरुखची तीन माणसं सामानासकट बसली होती. "शब्द तुजे असतील, चाल माजी!"

"चाल तुजी, मग जबाबबी तूच दे!" धाकू म्हणाला, आणि सवाल फिटल्याच्या हक्कानं त्यानं नवा सवाल सोडला:

*शक्तीच्या शाहिरा रे, सांग कुण्या गावचा राव,*
*चाकरांचे पाय धुतो, सांग त्याचं नाव?*

महिपतनं मिशी चावली. आभाळाकडं बघितलं. पाय धुणारा राजा? हरिश्चंद्र? नाही, त्यानं मसणात चाकरी केली. कृष्णानं सुदाम्याचे धुतले, पण सुदामा चाकर नव्हे. तो तोंडातल्या तोंडात एकेक राजा काढून टाकत राहिला आणि तसाच बैलांना हाकारत निघाला.

"अवो गाडीवान!" देवरुखचं एक माणूस ओरडलं. "आमाला देवरुखला जायचंय! ही तर उलटीकडची भाट्याची खाडी आली!"

महिपतला ऐकू आलं नाही. आणि मागून ढोलकीचा आवाज येत होता, तोवर बैलही वळायला तयार नव्हते.